मोठ्या बाईंचं प्रस्थान

माझ्या ओळखीतली बरीचशी पनवेलकर मंडळी युरोपात जन्मलेली आहेत. बाजारातला एक तांदळाचा व्यापारी आहे, तो मिलानचा. त्याची धाकटी बहीण रोमची. पहिल्यापासून घाईची, आजही कुठे टेकत नाही. एसटीत एक कंडक्टर होता, तो बाझेलचा. एक वकीलसाहेब पॅरिसचे आहेत आणि हे चारचौघांत कुणी काढलेलं त्यांना आवडत नाही. यांच्यापैकी एकाचीही आई कधी मुंबईच्या पलीकडे गेली नव्हती. ही सगळी करणी मोठ्या बाईंची.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रसूतिगृहाच्या मुख्य नर्स. प्रसूतिगृह एका धर्मादाय ट्रस्टचं होतं. कौलारू, पुढे लांब व्हरांडा, व्हरांड्यात एक लाकडी बाक. मी पुण्याहून कोर्स करून तिथे दुसरी नर्स म्हणून लागले, तेव्हा आम्हा दोघींत गोंधळ नको म्हणून लोकांनी मोठ्या बाई आणि धाकट्या बाई अशी नावं पाडली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असायचं, पण मीसुद्धा ते कधी वापरलं नाही. त्यांना नवरा होता की नव्हता हेही गावाला नक्की माहीत नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "असेल कुठेतरी. त्याची गाडी वेगळी, माझी वेगळी."

अंगाने त्या आडव्या, आवाजाने उभ्या. कपाळावर मोहरीएवढं कुंकू, कमरेला किल्ल्या, आणि पायांत पुरुषी पद्धतीचे काळे बूट. त्या काळी पनवेलमध्ये बायकांनी बूट घालणं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून कळणार नाही. बाई म्हणायच्या, "चपलेने गाडी पकडता येत नाही." आता गंमत अशी की पनवेलला तेव्हा गाडीच नव्हती. रेल्वे येणार, येणार अशी वार्ता अधूनमधून उठायची आणि बसायची. रूळ बघायचे तर ठाणं गाठावं लागे.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना बाळंतपण करताना पाहिलं आणि या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही अशी माझी खात्री झाली. खाटेवरची बाई कळांनी कासावीस झाली होती. मोठ्या बाई तिच्या कानाशी वाकून, देवाचं नाव घ्यावं तशा सुरात सांगत होत्या, "नेपल्स सुटलं. आता श्वास घे. खिडकीत बस, बाहेर बघ. घाई नाही, रोमला वेळ आहे." कळ आली की, "आलं रोम! मोठं स्टेशन आहे, गाडी थांबणार. पण आपल्याला उतरायचं नाही हं, जोर लावायचा नाही." कळ ओसरली की, "सुटली गाडी."

असं रोम व्हायचं, फ्लॉरेन्स व्हायचं, मग मिलान, लुसर्न, बाझेल, पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, हॅम्बुर्ग, कोपनहेगन. बोगदा मात्र बाई लागेल तिथे घालत. बाळाचं डोकं दिसायला लागलं की जिथे असेल तिथे बोगदा. "आला बोगदा. अंधार आहे, पण पलीकडे उजेड दिसतोय मला. आता लाव जोर!" आणि बाळ पहिल्यांदा रडलं की बाई घड्याळाकडे बघून, मोठ्या आवाजात, त्या वेळी जे असेल ते स्टेशन पुकारत. आईला मुलगा की मुलगी हे नंतर कळायचं, स्टेशन आधी.

मी पुण्याच्या शिस्तीतली. मी नाक मुरडलं. पण महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की या खुळातही त्यांची एक शिस्त होती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायका रोम-मिलानला मोकळ्या होत. पहिलटकरणी हॅम्बुर्ग गाठत. कोपनहेगन गेलं की बाई गप्प होत आणि वरचेवर पोटाला नळी लावून ठोके ऐकू लागत. स्टॉकहोम गेलं की मला डोळ्यांनी खूण करत, आणि मी टॅक्सी बोलावून अडलेल्या बाईला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवायची तयारी करी. स्टॉकहोमच्या पुढे एकच स्टेशन होतं, नार्विक. अगदी वर, नॉर्वेच्या टोकाला, जिथे रूळ संपतात. नार्विकपर्यंत बाईंनी कधी कुणाला जाऊ दिलं नाही. ते नाव त्या बाळंतिणीसमोर उच्चारतही नसत.

ही स्टेशनं बाईंनी बाळंतपणासाठी जमवलेली नव्हती. तो त्यांचा स्वतःचा मार्ग होता. बोटीने नेपल्स, आणि तिथून एकटीने, आगगाडीने, थेट नार्विक. हे त्यांचं कित्येक वर्षांचं ठरलेलं होतं.

आमच्या गावातल्या मोहल्ल्यातले बरेच पुरुष तेव्हा जहाजावर कामाला असत. त्यांतल्या एकाच्या बायकोला बाईंनी जुळ्यांतून सुखरूप सोडवलं. जहाजीमियाँ हात जोडून म्हणाले, "बाई, विलायतेतून तुमच्यासाठी काय आणू? साबण, सेंट, काय पाहिजे ते बोला."

"रेल्वेचं टाइमटेबल आणा."

"कुठल्या रेल्वेचं?"

"सगळ्या."

पुढच्या फेरीला त्या गृहस्थांनी मेणकापडात गुंडाळलेलं विटेएवढं जाड पुस्तक आणून बाईंच्या हातावर ठेवलं. म्हणाले, "दुकानवाला मला विचारत होता, जायचंय कुठे? मी बोललो, मला नाही, माझ्या बायकोच्या बाईंना. तो बोलला, मग त्यांना कुठे? मी बोललो, ते किताब बघितल्याशिवाय कसं ठरणार!"

त्या पुस्तकातली भाषा बाईंना येत नव्हती, पण गाडीच्या वेळा कुठल्याही भाषेत सारख्याच असतात असं त्यांचं म्हणणं होतं. इंग्रजी त्यांना कामापुरतं येत होतं. जेवताना पुस्तक ताटासमोर उभं केलेलं असे. एखाद्या दिवशी भात कालवता कालवता एकदम मान वर करून म्हणत, "धाकट्या बाई, मिलानची गाडी चुकली तर काय करायचं?" मी म्हणे, "पुढची पकडायची." त्या खूश होऊन म्हणत, "तेच तर! पुढची आहेच."

प्रवास स्वस्तात करायचा होता. परदेशी चलन सरकार हात राखून द्यायचं आणि नर्सचा पगार तो केवढा. पण मला वाटतं, गडगंज असत्या तरी त्यांनी तो असाच केला असता. "हॉटेल म्हणजे नुसत्या झोपेचं भाडं," असं त्यांचं मत. "गाडीत झोपायला मिळतं आणि सकाळी दुसऱ्या गावाला पोचवतात, ते वर." म्हणून जमेल तिथे रात्रीची गाडी, डब्यात बसून झोप, सकाळी स्टेशनवर तोंड धुवायचं आणि दिवसभर गाव पायी बघायचं. खाण्याला पनवेलचे पातळ पोहे, भाजून, मीठ-मेतकूट लावून. दोन साड्या, त्याही मळखाऊ.

याची तालीम आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर चाले. दुपारी काम नसलं की बाई बाकावर ताठ बसून झोपत. मान पडू द्यायची नाही, तोंड उघडू द्यायचं नाही, आणि पिशवीचा पट्टा घोट्याला गुंडाळलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना उघड आव्हान होतं, मी झोपले असताना माझी पिशवी चोरून दाखवा. कुणाचीच छाती झाली नाही. एक कोळीण आम्हाला मासळी घालायला यायची, तिने मात्र एकदा पाटी खाली ठेवली, कोयती काढली, पट्टा कापला आणि पिशवी पाटीत टाकून चालती झाली. बाईंना जाग आली तेव्हा घोट्याला नुसता पट्टा. दुसरी कुणी असती तर रागावली असती. बाई कोळिणीला मिठी मारायच्या बाकी होत्या. "अगं, हे मला इटलीत कळलं असतं म्हणजे!" त्या दिवसापासून पट्ट्याच्या जागी सायकलची साखळी आली.

कशासाठी जाता, असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. ट्रस्टच्या सेक्रेटरींना हवापालट, कोळिणीला तिकडची मासळी बघायला. मला मात्र त्यांनी खरं सांगितलं. एका दुपारी जेवायला बसलो होतो, बाईंनी पहिला घास उचलला आणि दारात हाक आली, "बाई, चला!" बाईंनी घास ताटात ठेवला, हात धुतला, बूट चढवले. जाता जाता म्हणाल्या, "एका अनोळखी स्टेशनवर मला नुसतं बसायचंय गं. इकडून तिकडून माणसं जातील, आणि त्यांतलं एकही मला 'बाई, चला' म्हणणार नाही." एवढंच बोलून गेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारण गाव त्यांना सोडणार नव्हतं. दोनदा त्यांची सगळी तयारी झाली होती आणि दोन्ही वेळा मोडली. एकदा सेक्रेटरींच्याच सुनेला दिवस राहिले होते, आणि दुसऱ्यांदा गावातल्या इतक्या जणींचे दिवस एकदम भरत आले होते की बाईंची रजा म्हणजे गावावर संकट, असं सेक्रेटरी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. धार्मिक, सोवळंओवळं पाळणारा, बाईंना मानणारा. "बाई, पुढच्या वर्षी नक्की," हे तो मनापासून म्हणे. दर वर्षी मनापासूनच म्हणे. आणि बाईंचे गुडघे दुखायला लागले होते. नेपल्सच्या जिन्यांचं आता कसं होईल, असं त्या एकदा स्वतःशीच पुटपुटल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गाडी खरोखरच चुकू शकते, आणि हिच्या मागे पुढची गाडी नाही.

मग बाईंनी प्रस्थान ठेवलं.

ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रवासाचा मुहूर्त आज असेल आणि प्रत्यक्ष निघणं आज जमत नसेल, तर आपल्या वापरातलं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो घरात दिसला तरी तो प्रवासातला. ठरावीक दिवसांत त्याने ते गाठोडं उचलून पुढे जायचं. निघालेल्याला अडवणं, त्याचं प्रस्थान मोडणं, हा मोठा अपशकुन.

बाईंनी उभ्या जन्मात सत्यनारायण घातला नव्हता की ग्रहण पाळलं नव्हतं. पण एका सकाळी त्यांनी आपल्या पांढऱ्या साडीच्या तुकड्यात तांदूळ-सुपारी बांधली आणि पश्चिमेच्या पहिल्या घरी, एका बेने इस्रायली ज्यू मास्तरांकडे, नेऊन ठेवली. मास्तर म्हणाले, "आमच्यात हे पाळत नाहीत. पण बाई, तुमचं पाळू." आणि गाठोडं कपाटावर चढवलं. तिथून बाई तडक सेक्रेटरींकडे गेल्या. मीही बरोबर होते.

"रजेचा अर्ज आणलात?" सेक्रेटरी म्हणाले.

"अर्ज कसला? मी निघाले. माझं प्रस्थान झालं."

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, असं कसं! ते गाठोडं परत आणा पाहू."

"तुम्ही आणा. तुमच्या हाताने मोडा."

सेक्रेटरींनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. खरंच घेतले, मी पाहिलं. रजा मंजूर झाली. परत येताना बाई भर बाजारातून बुटांचा टाप टाप आवाज करत अशा चालल्या होत्या की टांगेवाल्यांनी वाट दिली.

पण पासपोर्ट, चलनाची परवानगी, बोटीची जागा, या गोष्टी काही सुपारी-हळकुंडाला भीत नाहीत. महिने लागणार होते आणि प्रस्थान तर थोड्याच दिवसांत मोडतं. बाईंनी तोड काढली. मुदत संपायच्या आत गाठोडं आणखी पश्चिमेच्या घरी सरकवायचं. म्हणजे ते थांबलं नाही, चालतंच आहे. मास्तरांकडून ते मोहल्ल्यात जहाजीमियाँच्या घरी गेलं, तिथून खाडीकाठी पट्टा कापणाऱ्या कोळिणीकडे. जिथे ते असे तिथली माणसं रस्त्यात भेटली की मोठ्या अदबीने सांगत, "बाई, तुमचं व्यवस्थित आहे."

योगायोग असा की यांतल्या प्रत्येक घरी त्या मुक्कामात कुणी ना कुणी बाळंत झालं आणि सगळ्या सुखरूप. झालं! बाईंचं गाठोडं घरात असलं की बाळंतीण सुटते, अशी भुमका उठली. लोक गाठोडं मागायला येऊ लागले. एक दिवस बाई कोळीवाड्यात गेल्या, तर गाठोडं गायब. तळोज्याचा कुणी माणूस आपल्या बायकोसाठी ते मागून घेऊन गेला होता. तळोजा म्हणजे उत्तरेला! बाईंचा संताप मी इतका कधी पाहिला नाही. एसटी पकडून त्या तळोज्याला थडकल्या. "उत्तरेला नेलंत? मला काय हिमालयात पाठवताय?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, मना काय म्हाईत विलायत कुटल्या बाजूला हाय?" बाईंनी त्याला अंगणात उभं करून मावळत्या सूर्याकडे बोट करून दाखवलं, त्याच्या बायकोला तपासलं, आणि गाठोडं काखेत मारून परत आल्या.

शेवटचा मुक्काम जासईला एका आगरी घरी होता, उरणच्या रस्त्यावर. मे महिना लागला होता. तिथून गाठोडं उचलायचं, उरणजवळच्या मोरा बंदरावर लाँच पकडायची, लाँचने मुंबई, आणि दुसऱ्या दिवशी बोट. निघायच्या दिवशी प्रसूतिगृहात कुणी अडलेली नव्हती, म्हणून मी बाईंना मोऱ्यापर्यंत पोचवायला निघाले. जासईला उतरलो तर घरची म्हातारी अंगणातच वाट बघत होती.

"बाय, देवासारख्या आलाव गो! सुनेच्या पोटान पहाटेपासून दुकतंय. पयलटकरीन हाय."

"गाठोडं द्या," बाई म्हणाल्या.

"देते ना. पयले पोरीला बगा, मंग घेऊन जा. गाठोडा कुटं पलून जातंय?"

बाई अंगणात उभ्याच राहिल्या. पहिलटकरीण म्हणजे हॅम्बुर्ग. लाँच भरतीवर सुटणार, ती कुणासाठी थांबणार नव्हती. ही लाँच गेली की उद्याची बोट गेली, आणि बोट गेली की सगळंच गेलं. हे मला कळत होतं आणि बाईंना माझ्यापेक्षा जास्त. आतून त्या मुलीच्या कण्हण्याचा आवाज आला. बाईंचा एक पाय आपोआप पुढे पडला. इतक्या वर्षांची सवय! मग त्यांनी तो मागे घेतला, ओट्यावर जाऊन बसल्या आणि छत्रीने माझ्याकडे दाखवलं.

"मी निघालेली आहे. निघालेला माणूस मागे फिरत नाही. आता पनवेलच्या बाई ह्या."

म्हातारीने शिळी मासळी बघावी तसं मला खालवर बघितलं. बाळंतपणं मी खूप केली होती, पण प्रत्येक वेळी माझ्या पाठीशी बाई उभ्या असत. मी आत गेले, पोरीला तपासलं आणि पुन्हा दाराशी आले.

"बाई, पायाळू आहे."

बाईंनी डोळे मिटले. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर घट्ट आवळले. गरज पडली असती तर त्या उठल्या असत्या, युरोप खड्ड्यात घातला असता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग? शिकवलंय की."

मी आत गेले. पोरगी घाबरून माझा हात सोडत नव्हती. तिला काय सांगावं सुचेना. आणि ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं नाक मुरडलं, तीच माझ्या तोंडातून निघाली. "नेपल्स सुटलं," मी म्हटलं.

कळांतसुद्धा पोरगी म्हणाली, "मना म्हाईत हाय, बाय. मंग रोम."

रोम गेलं, फ्लॉरेन्स गेलं. पायाळू बाळाला ओढायचं नसतं. हात मागे घेऊन थांबायचं असतं, आणि तेच सगळ्यांत कठीण. मिलान झालं, लुसर्न झालं. घामाने माझे डोळे चुरचुरत होते. मी म्हटलं, "आता आलं पॅरिस."

बाहेरून गर्जना आली, "बाझेल राहिलं! लुसर्नहून थेट पॅरिस कशी जाशील? गाडी बदलावी लागते!"

पोरगी फसकन हसली. म्हातारी हसली. मलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात पोरीचं आवळलेलं अंग सैल पडलं. आम्ही मुकाट्याने बाझेलला गाडी बदलली. ब्रुसेल्सच्या जरा अलीकडे मी बोगदा घातला. पाय, कंबर, खांदे, आणि मग एकदाचं डोकं. मुलगी झाली. पहिला टाहो असा फोडला की ओट्यावरची छत्री खाली पडल्याचा आवाज मी आत ऐकला.

मी रक्ताळल्या हातांनीच बाहेर आले. बाईंनी बाळ बघितलं नाही, दाराच्या आत पाऊलही टाकलं नाही. फक्त विचारलं, "कुठलं?"

"ब्रुसेल्स."

"वेळेवर आली," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आवरेना.

म्हातारीने देव्हाऱ्यातून गाठोडं आणून स्वतःच्या हाताने बाईंच्या ओटीत घातलं. "जा गो बाय, जा. आता तुजी वाट कुनी आरवत नाय." मी वार पडल्याची खात्री केली, पोरीला नीट झोपवलं आणि तिच्यापाशी थांबायचं ठरवलं. पण म्हातारीच ओरडली, "मी हाय ना! तू जा, त्यांना बसवून ये." तिच्या मुलाने रस्त्यावरून चाललेला मिठाचा ट्रक अडवला, आणि आम्ही दोघी मिठाच्या गोणींवर बसून मोऱ्याला पोचलो. लाँच सुटली होती. धक्का आणि लाँच यांच्यामध्ये चांगलं हातभर पाणी दिसत होतं. मोठ्या बाईंनी कमरेला पदर खोचला. तेवढ्यात लाँचवरचा खलाशी ओरडला, "ए, थांबवा रं! आपल्या बाय हायेत! माजी पोरगी फ्लॉरेन्सची हाय!"

लाँच मागे आली. उरण-पनवेलच्या इतिहासात लाँच मागे आल्याचं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. बाई गाठोडं छातीशी धरून चढल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. निघालेला माणूस पाहत नाही. पण उजवा हात वर केला आणि लाँच दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच वर होता.

पावसाळा मी एकटीने काढला. निभावलं. गावात तेवढ्यात बातमी पिकली की बाईंनी चालत्या गाडीत एका गोऱ्या बाईला सोडवलं. कुणी म्हणे राणीला.

गौरी-गणपतीच्या सुमाराला बाई परत आल्या. काळवंडलेल्या, वाळलेल्या, बुटांचे तळ गेलेले, आणि डोळे असे की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. व्हरांड्यात हीऽ गर्दी. जासईची म्हातारी ब्रुसेल्सला काखेत घेऊन पुढे बसलेली.

"बाय, तिकरं आगगारीन कुनाला सोरवलाव?"

"एकीलाही नाही," बाई म्हणाल्या. "स्टेशनांवर बसले. नुसती बसले. सबंध उन्हाळाभर कुणी मला 'बाई, चला' म्हटलं नाही. एकदा गाडीत एक पोटुशी बाई समोरच्या बाकावर येऊन बसली. मी उठले आणि दुसऱ्या डब्यात गेले."

लोक हिरमुसले. त्यांना राणीच हवी होती. म्हातारीला मात्र वेगळीच काळजी. "आनि गाठोडा कुटं हाय?"

"जागेवर आहे," बाई म्हणाल्या आणि विषय बदलला. मला वाटलं, कुठेतरी हरवलं असेल आणि सांगायला कसंसंच होत असेल.

त्याच दुपारी तळोज्याहून बैलगाडी आली. तोच माणूस, गाठोडं उत्तरेला नेणारा. गाडीत त्याच्या धाकट्या भावाची अडलेली बायको होती. "बाई, चला," तो म्हणाला आणि जीभ चावली. पण बाई हसत उठल्या. सकाळीच घरात पाऊल टाकलेल्या त्या बाई, चहाचा कप तसाच ठेवून आत गेल्या. मी मागोमाग.

पोरगी अशक्त होती आणि गाडी रेंगाळत होती. पॅरिस गेलं, हॅम्बुर्ग गेलं, कोपनहेगन गेलं. स्टॉकहोम गेलं तशी मी टॅक्सी सांगायला उठले.

"थांब," बाई म्हणाल्या. पोटाला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. "ठोके उत्तम आहेत. कळाही आता नीट येताहेत. पुढे जाऊ दे."

"बाई, पुढे नार्विक."

"हो. बघून आलेय मी." आणि त्या पोरीच्या कानाशी वाकल्या. "ही गाडी लांबची आहे हं. खिडकीतून बघ. बाहेर रात्र व्हायला हवी, पण होत नाही. सूर्य खाली येतो, डोंगराला टेकतो आणि पुन्हा वर चढतो. तिथे अंधार नाहीच. बोगद्यातून बाहेर आलं की खाली एकदम समुद्र दिसतो. आपल्या खाडीसारखा, दोन्ही अंगांना डोंगर. कडेला घरं आहेत, घरामागे मासळी वाळत घातलीय. दिसतेय? मग लाव आता जोर."

दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने पोरगी मोकळी झाली. मुलगा, चांगला दणदणीत. बाईंनी घड्याळाकडे बघून छप्पर हादरेल अशा आवाजात पुकारलं, "नार्विक!" व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. जहाजीमियाँ बाहेर होते, त्यांनी टाळी वाजवली म्हणतात. आमच्या प्रसूतिगृहात ते स्टेशन पहिल्यांदाच येत होतं.

पोरीने थकलेले डोळे उघडले. "बाई, याच्या फुडं कंचा स्टेशन?"

"पुढे स्टेशन नाही. रूळ संपतात," बाई हात धुता धुता म्हणाल्या. "पुढे बोटी जातात. बंदराच्या अंगाला एका म्हातारीच्या घरी प्रस्थान ठेवून आलेय माझं. थोड्या थोड्या दिवसांनी शेजारघरी सरकवत राहा, असं तिला खुणांनी समजावलंय." मग माझ्याकडे वळून, पदराने हात पुसत म्हणाल्या, "बघतेस काय अशी? मी इथे दिसतेय एवढंच. निघालेलीच आहे मी."